भूतबंगला आणि तिचा घट्ट धरलेला हात

काल संध्याकाळी बायकोसोबत मेळ्यातल्या भूतबंगल्यात जाऊन आलो, नागपुरात रेशीमबागच्या मैदानावर, थंडी पण मस्त पडली होती. ती आधी म्हणे "मी नाही येत बाबा, तू जा", पण तिकीट काढल्यावर आलीच.

आत शिरलो अन् एकदम काळोख. बाहेरच्या झगमग लाईटीतून आल्यावर डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि हे लोक ५ मिनिटांत बाहेर काढतात, म्हणजे पूर्ण वेळ आपण चाचपडतच असतो, खरी भीती तिथे आहे, मुखवट्यांत नाही. पायाखाली काहीतरी मऊ, कानाशी फुस्सकन हवा, तिने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

मला सगळ्यात आवडलं ते काचेतलं भूत. पांढऱ्या साडीतली बाई, आरपार दिसणारी! ही युक्ती १८६२ ची, लंडनमध्ये जॉन पेपर यांनी स्टेजवर दाखवलेली. तिरपी काच लावायची, लपलेल्या माणसावर उजेड पाडायचा, त्याचं प्रतिबिंब आपल्याला भूत म्हणून दिसतं, उजेड कमी केला की भूत गायब. मला हे सगळं माहीत होतं तरी अंगावर काटा आलाच ना.

बाहेर आल्यावर ती थरथरत पण होती आणि हसत पण होती. घाबरल्यावर शरीरात जे अ‍ॅड्रेनलिन नावाचं संप्रेरक सुटतं ना, त्याचं असंच असतं, धोका संपला तरी छाती धडधडत राहते. मग गरमागरम तर्री पोहे खाल्ले, आणि पुढच्या रविवारी परत जायचं म्हणते ती.