गाठ साधी निघाली, म्हणून क्लेम नामंजूर

"ताई, गाठ खराब निघाली असती तर बायोप्सीचेही पैसे मिळाले असते." आमच्या विमा एजंटने माझं असं सांत्वन केलं. आणि तो खोटं बोलत नव्हता.

माझं वय ५३. पॉलिसीत दरवर्षी एक चेकअप फुकट मिळतं. परळच्या लॅबमध्ये उपाशीपोटी जायचं. शुगर, कोलेस्टेरॉल, ईसीजी. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, नाही. "ईसीजी राहू दे, त्याऐवजी ती करा," असं विचारून पाहिलं. पॅकेजमध्ये अदलाबदल होत नाही म्हणाले.

मार्चमध्ये पालिकेच्या दवाखान्यात बीपीच्या गोळ्या आणायला गेले, तर सिस्टरनी पडद्यामागे नेऊन हाताने स्तन तपासले. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायकांची ही तपासणी करतात. तोंडाची आणि गर्भाशयमुखाचीही. सिस्टरच्या बोटांना डावीकडे गाठ लागली.

मला आईच आठवली. १९९८ पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी व्हायची. आमची वस्ती त्यात होती. तपासणाऱ्या मुली डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या. आई आधी लाजून नाही म्हणायची, मग शेजारणींबरोबर जायची. निकाल २०२१ मध्ये छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. त्याहून लहान बायकांत तसा फायदा दिसला नाही. म्हणजे माझ्या वयाला नेमकं काय तपासायला हवं, याचा पुरावा आमच्याच गल्ल्यांतून निघालाय. पॅकेज ठरवणाऱ्यांनी तो वाचला नसावा.

मॅमोग्राफी, सोनोग्राफी, मग सुई घालून बायोप्सी. दुपारी घरी. रिपोर्टची वाट बघताना भातात दोनदा मीठ घातलं. गाठ साधी निघाली.

क्लेम टाकला. नकाराच्या पत्रात दोन कारणं: २४ तास भरती नव्हती, आणि निव्वळ तपासणीचा खर्च पॉलिसीत बसत नाही. तक्रार कक्षाला लिहिलं, तेच उत्तर आलं. सांताक्रूझला विमा लोकपालाचं कार्यालय आहे, तिथे जायचं ठरवलं होतं. पण आधी पॉलिसीची बारीक अक्षरं वाचली आणि बेत सोडला, कारण नियम खरंच तसाच लिहिलेला होता. एजंटने त्याचा अर्थ उलगडून सांगितला: कर्करोग निघून ऑपरेशनला भरती झाले असते, तर आधीच्या ६० दिवसांतल्या त्याच आजाराच्या तपासण्या भरतीपूर्व खर्चात धरल्या असत्या.

हाती काय लागलं? आयकराच्या जुन्या कररचनेत आरोग्य विम्याच्या वजावटीत प्रतिबंधक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत दाखवता येतात, तेही विम्याच्या हप्त्याने मर्यादा भरली नसेल तर. माझी थोडी उरली होती.

परवा लॅबमधून यंदाच्या फुकट चेकअपचा फोन आला. उपाशीपोटी या म्हणाले.