व्हर्सायच्या बागेचं पाणी

पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याच्या बागेतली कारंजी रोज उडत नाहीत. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, तेही मुख्यतः शनिवार-रविवारी, ठरलेल्या वेळात पाणी सोडतात आणि त्या दिवशी बागेला वेगळं तिकीट लागतं. मी इथे फ्रान्समध्ये उद्यानरचना शिकायला आले, तेव्हा आमच्या बाईंनी आम्हाला पहिल्यांदा तिथे नेलं ते मुद्दाम कारंजी बंद असलेल्या दिवशी. “आराखडा नंतर बघा, आधी पाणी कुठून येतं ते शोधा,” म्हणाल्या. त्या दिवसापासून ही बाग मला निव्वळ सुंदर अशी दिसलेलीच नाही.

१६६१ मध्ये अर्थमंत्री निकोला फुके याने व्हो-ल-व्हिकोंतच्या आपल्या नव्या वाड्यात फ्रान्सचा तरुण राजा चौदावा लुई याला मेजवानी दिली. बाग इतकी देखणी की राजाच्या बागा फिक्या पडाव्यात. तीन आठवड्यांच्या आत फुके कैदेत होता आणि त्याची बाग आखणारा आंद्रे ल नोत्र पुढे व्हर्सायच्या कामाला लागला. जागा निवडली ती दलदलीची, जवळपास मोठी नदी नसलेली. तिथे राजाला हवी होती कारंजी, शेकड्यांनी.

पाणी पुरेना. सगळी कारंजी एका वेळी चालवणं अशक्य होतं, म्हणून राजा फिरायला निघाला की पुढच्या कारंज्यावरच्या माणसाला शिट्टीने इशारा जाई. राजा येण्याआधी तोटी सुरू, राजा वळला की बंद. कोणत्या वाटेने जायचं, कुठे थांबायचं, काय पाहायचं, याची सूचनापत्रं राजाने स्वतः तयार केली होती. मी ती वाचली. इतकं नेमकेपणाने दुसऱ्याच्या डोळ्यांवर राज्य करणारा माणूस माझ्या वाचनात दुसरा नाही.

मग सीन नदीवर मार्लीचं यंत्र आलं. १६८४ मध्ये ते सुरू झालं. १४ प्रचंड चाकं, दोनशेहून अधिक पंप आणि नदीपासून दीडशे मीटरहून जास्त उंचीवर पाणी चढवायचं. त्याचा आवाज आसपासच्या लोकांना नकोसा होई. तेही कमी पडलं, म्हणून १६८५ पासून अर नदीचं पाणी सुमारे ८० किलोमीटरवरून आणायचा घाट घातला. हजारो सैनिक खोदकामाला जुंपले, तापाने पटापट मेले. १६८८ मध्ये युद्ध पेटलं आणि काम थांबलं ते कायमचंच. त्या पाण्याचा एक थेंबही व्हर्सायला पोहोचला नाही.

आणि या बागेच्या मधोमध काय आहे? लातोनाचं कारंजं. लातोना ही रोमन पुराणातली देवी. दोन लेकरं घेऊन ती तहानलेली तळ्यावर येते, शेतकरी तिला पाणी पिऊ देत नाहीत, पाणी गढूळ करतात, म्हणून त्यांचे बेडूक होतात. त्या लेकरांतला एक अपोलो, म्हणजे सूर्य, म्हणजे ‘सूर्यराजा’ म्हणवणारा लुई स्वतः. त्याच्या लहानपणी झालेल्या बंडाचा सूड या शिल्पात आहे, असं काही अभ्यासक म्हणतात. मला त्याहून जास्त बोचतं ते वेगळंच. पाणी अडवलं म्हणून शेतकऱ्याला बेडूक करणारी ही कथा, आणि ती उभी कुठे? मैलोन्‌मैलांवरचं पाणी ओढून घेतलेल्या बागेत. लोक तिथे हसत फोटो काढतात. मी त्या अर्धमानवी, तोंड वासलेल्या चेहऱ्यांकडे पाहत खूप वेळ उभी राहिले. मराठवाड्यातल्या कुठल्याही टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला ही कथा ऐकवा, त्याला ती कुणाच्या बाजूने सांगितली आहे हे लगेच कळेल.

वर्गात एकाने मला विचारलं, “तुमच्याकडे बागा म्हणजे ताजमहालासमोरच्याच ना?” मी रागाने रात्रभर बसून कात्रजच्या नळाचे नकाशे काढले. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून पुण्यात पाणी आणलं. जमिनीखालून दगडी नळ, वाटेत हवेचा दाब मोकळा व्हायला उच्छ्वास म्हणजे दगडी मनोरे, आणि सगळं निव्वळ उतारावर. एक चाक नाही, एक पंप नाही. शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजंही मी दाखवलं. ते तरी वाड्यातलंच होतं की, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण तेच कात्रजचं पाणी पेठांमधल्या हौदांतही येत होतं आणि तिथे गावातल्या बायका घागरी भरत होत्या. त्या हौदांवर सगळ्या जातींना सारखी जागा नव्हती, हेही मी सांगितलं. ते लपवून अभिमान बाळगता येत नाही.

तरीही एका गोष्टीपुढे माझी मान खाली जाते. व्हर्सायची कारंजी आजही बरीचशी उतारावरच्या दाबानेच उडतात, जुन्या नळांतूनही पाणी खेळतं, आणि ते सांभाळणारे कारंजेवाले आजही नोकरीत आहेत. १९९९ च्या डिसेंबरात वादळाने हजारो झाडं पाडली, ती तिथे पुन्हा लावली गेली. आमचे बरेचसे उच्छ्वास मात्र सोसायट्यांच्या भिंतींत आणि रस्तारुंदीत गेले. आपल्याकडे माणसं जास्त, पैसा कमी, गरजा तातडीच्या, हे मी इथे सगळ्यांना सांगते आणि ते खरंच आहे. पण उरलेल्या दगडी मनोऱ्यापाशी एक पाटी लावायला किती पैसा लागतो?

पॅरिसला येणार असाल तर व्हर्साय बघाच, शक्यतो कारंजी सुरू असतील त्या दिवशी. पण आणखी एक दिवस काढून माँपार्नासहून शार्त्रच्या दिशेची गाडी धरा आणि मँतनाँला उतरा. त्या वाड्याच्या मागे अर नदीच्या अर्धवट राहिलेल्या कालव्याच्या कमानी उभ्या आहेत, झाडं उगवलेल्या. घरून कुणी आलं की मी त्यांना आधी तिथे नेते, व्हर्साय दुसऱ्या दिवशी.