इथे कागद सोडायचा

शुक्रवार, रात्री सव्वाअकरा. कोल्हापूर.

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहून ठेवते. डॉक्टर कधीच झोपली. मास्तरीण खिडकीत उभी आहे.

तिघींनी एकत्र निघायला नऊ वर्षं लागली. दर वेळी कुणाचं तरी काहीतरी निघायचं. मास्तरीण शाळेत चित्रकला शिकवते, पण आईचं आजारपण सुरू झाल्यापासून तिने स्वतःचं असं एकही चित्र केलेलं नाही. आई जाऊनही आता तीन वर्षं झाली. आम्ही तो विषय काढत नाही. कोल्हापूर मात्र मी मुद्दाम निवडलं होतं, हे इथे कबूल करते.

सकाळी मिसळ. इथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात, आणि कट संपायच्या आत वाढणारा भांडं घेऊन हजर. डॉक्टरने तीनदा कट घेतला आणि डोळे पुसत पुसत सगळा संपवला.

तिथून टाउन हॉल. १८७०च्या दशकात मेजर मँट या इंग्रज वास्तुरचनाकाराने बांधलेली दगडी इमारत, आत वस्तुसंग्रहालय. ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात उत्खनन झालं, त्यात सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती इथे आहे. समुद्राचा ग्रीक देव, आणि सापडला पंचगंगेच्या काठी! एवढीशी मूर्ती, पण दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा व्यापार कुठवर पोचला होता ते तिच्याकडे बघून कळतं. मी तिथे रेंगाळले. मास्तरीण पुढे चित्रांकडे गेली होती.

ती सापडली आबालाल रहिमान यांच्या एका जलरंगासमोर. मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस परत कोल्हापुरात आला. शाहू महाराजांनी त्याला दरबारी चित्रकार म्हणून आधार दिला. १९३१ साली जाईपर्यंत तो इथलंच रंगवत राहिला. रंकाळा, कोटितीर्थ, काठावरची झाडं, सकाळ, संध्याकाळ. मुंबईत राहिला असता तर केवढं नाव झालं असतं, असं मी म्हणाले. मास्तरीण म्हणाली, "नाव झालं असतं. हे पाणी झालं नसतं."

मग तिने मला जवळ ओढलं. पाण्यावर एक उजेडाची तिरीप होती. "हा पांढरा रंग लावलेला नाही. हा कागद आहे. जलरंगात पांढरं लावायचं नसतं, सोडायचं असतं. पहिला हात मारायच्या आधीच ठरवावं लागतं, इथे कागद सोडायचा. एकदा रंग गेला की तो उजेड परत मिळत नाही." काचेपासून चार बोटांवर बोट धरून ती त्या तिरिपेची कड दाखवत होती. इतकं सलग बोलताना मी तिला कितीतरी वर्षांनी ऐकलं.

वाटेत खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ बघितला. बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, त्याची ही आठवण. भुकेपोटी फार थांबलो नाही.

जेवायला एका घरगुती खानावळीत तासभर थांबावं लागलं. तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी. तांबडा उत्तम होताच, पण मी पांढऱ्याच्या वाटीवर वाटी मागत होते. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि मागे हळूच येणारा मिरीचा झणका. शेवटी चुलीपाशी जाऊन मावशींना विचारलंच. त्या ढवळता ढवळता म्हणाल्या, "नारळाचं दूध घातल्यावर उकळी येऊ द्यायची न्हाई बघा. नजर हलली की फुटतंय. मग काय बी करा, जुळत न्हाई." त्यांचा हात थांबला नव्हता आणि नजर पातेल्यावरून हलली नव्हती.

रंकाळ्यावर गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भेळ घेऊन कठड्यावर बसलो. पाण्यात संध्यामठ, पलीकडे शालिनी पॅलेस. डॉक्टर फोटो काढत होती. मास्तरीण डोळे बारीक करून पाण्याकडे बघत होती आणि तर्जनी मांडीवर हलत होती, हलके, आडवी, थांबत थांबत. मी न बघितल्यासारखं केलं. बऱ्याच वेळाने ती स्वतःशीच म्हणाली, "इथे. इथे सोडायचा."

रात्री गंगावेशीत दूध कट्टा. म्हशी रस्त्याच्या कडेला बांधलेल्या, ग्लास थेट धारेखाली. फेस ग्लासाच्या वर आला होता. डॉक्टर आधी न उकळलेल्या दुधावरून कुरकुरली. गवळीदादा म्हणाले, "पैलवान पितात की वो, तुम्ही का भिताय?" शेवटी डॉक्टरने एक घोट घेतला. उरलेलं मी संपवलं. कोमट, गोडसर, फेसाळ दूध.

आत्ता लिहिताना मास्तरीण खिडकीतून मागे वळली.

"उद्या गाडी किती वाजता गं?"

"साडेअकराला."

"कागदाची दुकानं दहाला उघडत असतील ना?"

मी गजर साडेआठचा लावला आहे.