चिखल अखेर उतारावर थांबला

'मॅक्लिंटॉक!' चित्रपटातल्या चिखलाच्या प्रसंगाची छोटी प्रतिकृती करतोय. तिच्यावर शनिवारी रात्री पावणेबाराला लावलेला चिखल रविवारी सकाळी जागच्या जागी होता. ओघळला नाही, तडकला नाही, बोट लावलं तर चिकटलाही नाही. सात आठवड्यांत पहिल्यांदाच!

त्याचा दिग्दर्शक अँड्र्यू मॅक्लॅग्लन याची आठवण म्हणून चिखलच का, हे बायकोनेही विचारून झालं. या माणसाने टीव्हीवरच्या काउबॉय मालिकांपैकी 'गनस्मोक'चे ९६ आणि 'हॅव गन, विल ट्रॅव्हल'चे ११६ भाग दिग्दर्शित केले. त्यातली एखादी बंदूकवाली चौकट उचलली असती तर एव्हाना काम संपलं असतं, कबूल. पण १९५२च्या 'द क्वाएट मॅन'मध्ये त्याचा बाप, व्हिक्टर मॅक्लॅग्लन, जॉन वेनशी गावभर गुद्दागुद्दी करत होता तेव्हा पोरगा त्याच सेटवर सहायक दिग्दर्शक होता. अकरा वर्षांनी 'मॅक्लिंटॉक!'मध्ये त्याने त्याच वेनला आणि त्याच मॉरीन ओहाराला उतारावरून चिखलात घसरवलं. घरचाच धंदा पुढे चालवला म्हणा ना.

आता मुद्द्याचं. चिखलासाठी आधी शाडू लावून पाहिला, तर झाला किल्ल्याच्या पायथ्याला शोभेल असा राखाडी कोरडा ढेकूळ. त्यानंतर इपॉक्सी आणलं, दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं रेझिन. विक्रेत्याने 'मापाने दोनास एक' सांगितलं, डब्यावर बारीक अक्षरात 'वजनाने' लिहिलेलं. ते वाचलं तोवर पन्नास ग्रॅम वाया. दुसरी खेप वजनकाट्यावर घेतली, तर पावसाळी हवेने वरती पांढुरकी, तेलकट साय धरली. जुलैत खिडकी उघडी ठेवून इपॉक्सी ओतू नका, एवढंच सांगतो.

मग आठवलं की 'मॅक्लिंटॉक!'च्या चित्रीकरणात चिखलासाठी बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी माती, वापरलं होतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी इमारतीचं पायलिंग चालू आहे, तिथे तर त्याची पोतीच्या पोती! सुपरवायझरने हसत डबाभर दिलं. पावडर पाण्यात चिमटी चिमटीने सोडायची, उलटं केलं की गुठळ्या. रात्रभर फुगू द्यायचं. सकाळी अस्सल चॉकलेटी लोळ, मी खूश. तिसऱ्या दिवशी उन्हाळ्यातलं तळं. फुगताना जेवढं पाणी प्यायलं तेवढं सुकताना सोडलं, आणि लिओ गॉर्डन, म्हणजे चिखलात घसरणाऱ्या त्या नटाची बाहुली, कमरेपासून भेगेत अडकला.

वैतागून ते फेकायला निघालो होतो. पण बोटाला लागलेला गोळा उभ्या भिंतीवर पुसला, तो तिथेच राहिला. हलवलं की पातळ, सोडलं की घट्ट. म्हणजे अंग दुसऱ्या कशाचं करायचं आणि बेंटोनाइट फक्त धरून ठेवण्यापुरतं! आता मिश्रण असं: चाळलेली वाळू, फेव्हिकॉल, बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग आणि वाटीभर मालाला अर्धा चमचा फुगवलेलं बेंटोनाइट. थर दीड मिलिमीटरचा, त्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. शेवटी ओलसर चमक देणारं ग्लॉस जेल टूथपिकने उताराच्या दिशेने ओढायचं. एका ओढीला तर वरून माणूस नुकताच घसरून गेल्यासारखी रेघ उमटली. ती मी चहा घेत दहा मिनिटं बघत बसलो.

एक फायदा आधी लक्षातच आला नव्हता. चिखलाने माखल्यावर चेहरे रंगवायची गरज नाही, सगळी मदार अंगाच्या ठेवणीवर. एक बहात्तरांश मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मऊ प्लॅस्टिकच्या सैनिकांचे हातपाय तापल्या सुईने वळवले की पुरे.

हे लिहिता लिहिताच सुचलं: कॅमेऱ्याशेजारी मॅक्लॅग्लन स्वतः का नको? उंची सहा फूट सात इंच, म्हणजे या मापात जवळपास २८ मिलिमीटर. वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावरच्या युद्धखेळांच्या, २८ मिलिमीटरच्या बाहुल्या आपल्या सेटमध्ये थोराड दिसतात म्हणून मी नेहमी नाकं मुरडतो. इथे तेच हवंय! ड्रॉवरमध्ये एक पडून आहे, तलवार छाटली की झालं. मात्र त्यासाठी पाया डावीकडे चार सेंटिमीटर वाढवावा लागणार, म्हणजे काचेची पेटीही नवी.

त्याच्याच 'द सी वुल्व्ह्ज' चित्रपटाच्या प्रतिकृतीचा बेत त्यामुळे दिवाळीनंतर. मुरगाव बंदरातलं ते १९४३चं जर्मन जहाज करायचंच आहे, त्याने ते गोव्यात येऊन चित्रित केलं होतं. पण आधी हे. २०१४ साली ३० ऑगस्टला तो गेला, त्या तारखेच्या आत पेटी बंद व्हायला हवी, आणि अजून तीन थर बाकी आहेत. लिओ गॉर्डन घोट्यापर्यंतच बुडलाय.