तुम्ही विचारलंत म्हणून: गाण्यांचे व्हिडिओ करता करता पिक्चर करायला मिळतो का?

मी पुण्यात एडिटिंग करते, बरंचसं काम गाण्यांचंच, त्यामुळे शूटवर असिस्ट करायला येणारी पोरं-पोरी हमखास हा प्रश्न विचारतात, आणि हल्ली त्यांचे आईवडीलही विचारायला लागलेत. ताई, व्हिडिओ करत राहिलं तर पुढे पिक्चर मिळतो का हो? चहा संपेपर्यंत जेवढं बोलणं होतं तेवढंच होतं आणि उत्तर अर्धवट राहतं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

मिळतो. हॉलिवूडचा डिरेक्टर डेव्हिड फिंचर, त्याने 1990 मध्ये मॅडोनाच्या 'व्होग' गाण्याचा व्हिडिओ केला आणि 1992 ला त्याचा पहिला सिनेमा थिएटरात होता. स्पाइक जोन्झ हा डिरेक्टरही व्हिडिओंतूनच सिनेमात आला. 1992 च्याच शेवटी एमटीव्हीने व्हिडिओच्या कोपऱ्यात गायकाच्या नावाखाली डिरेक्टरचंही नाव दाखवायला सुरुवात केली आणि कुठला व्हिडिओ कुणी केलाय हे घरोघरी कळायला लागलं. (आपल्याकडे मराठी गाण्यांच्या डिरेक्टरचं नाव अजूनही बऱ्याचदा डिस्क्रिप्शनच्या तळाशी जाऊन शोधावं लागतं, हे बदलायलाच हवं.)

पण पिक्चर मिळाल्यावर तिथे काय घेऊन जाणार, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं ते त्यावरच. त्यासाठी मी कायम मिशेल गाँद्री या फ्रेंच डिरेक्टरचं नाव घेते.

जन्म 1963, व्हर्सायचा. पॅरिसमध्ये आर्ट स्कूलला होता आणि 'वी वी' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. बँडचे व्हिडिओ तोच करायचा, अ‍ॅनिमेशन वगैरे स्वतःच्या हाताने. त्यातला एक आइसलँडची गायिका ब्योर्कने बघितला, तिने याला बोलावून घेतलं आणि 1993 मध्ये दोघांनी 'ह्यूमन बिहेवियर' केलं, तिथून गाडी सुटली. तो ड्रमर होता हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय असं मला वाटतं.

1997 चं डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीचं 'अराउंड द वर्ल्ड' बघा. गाण्यात शब्द म्हणाल तर टायटलमधले तेवढेच, आपल्याकडे असं गाणं हातात आलं की पहिला प्रश्न येतो, स्टोरी काय घ्यायची? गाँद्रीने स्टोरी घेतलीच नाही. एक गोल स्टेज, मागे पायऱ्या, आणि नाचणाऱ्यांचे पाच गट. रोबो म्हणजे गाण्यातला मशीनसारखा गाणारा आवाज, ट्रॅकसूटवाले उंच खेळाडू म्हणजे बेस, स्विमिंग कॅप घातलेल्या मुली म्हणजे कीबोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन. बेसचे सूर वरखाली होतात तसे ते खेळाडू पायऱ्या चढतात उतरतात. एखादं वाद्य थांबलं की त्याची माणसंही थांबतात. ब्लांका लीने कोरिओग्राफी केली होती. हा व्हिडिओ आवाज बंद करून बघा, मी मुलांना बघायला लावते, बेस कधी आला आणि कधी गेला हे डोळ्यांना समजतं.

मग 2002 चं केमिकल ब्रदर्स या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक जोडीचं 'स्टार गिटार'. ट्रेनच्या खिडकीतून दिसणारं बाहेरचं दृश्य, बास, एवढंच. पण थोडा वेळ बघितलं की लक्षात येतं की प्रत्येक खांब, प्रत्येक इमारत, बाजूने जाणारा प्रत्येक डबा बीटवर येतोय. फ्रान्समध्ये नीम ते व्हालांस हा प्रवास त्याने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा करून शूट केला, म्हणजे हातात उजेडाच्या सगळ्या छटा आल्या. आणि आधी गाणं ग्राफपेपरवर उतरवलं, मग संत्री, काटे, ग्लास, बूट अशा घरातल्या वस्तू ओळीने मांडून बघितलं की कुठल्या आवाजाला काय यायला हवं. एवढी तयारी झाल्यावर मग कॉम्प्युटरवर जोडकाम. मी टाइमलाइनवर बीटला कट मारते तेव्हा फार तर कट बीटवर येतो, इथे अख्खा मुलूखच बीटवर येतो, आणि तरी दिसताना ते अगदी साधं दिसतं. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

आता सिनेमा. पहिला 'ह्यूमन नेचर', 2001, लेखक चार्ली कॉफमन. फारसा चालला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पकड घेत नाही, गमतीजमती खूप पण कशासाठी ते कळत नाही. 2004 मध्ये तोच डिरेक्टर, तोच लेखक, आणि 'इटर्नल सनशाइन ऑफ द स्पॉटलेस माइंड'. प्रेम मोडल्यावर एक माणूस डॉक्टरकडे जाऊन त्या मुलीच्या आठवणी डोक्यातून पुसून घेतो. मूळ कल्पना पिएर बिस्म्युथ या दृश्यकलाकार मित्राची, पटकथेचं ऑस्कर तिघांना मिळून मिळालं.

त्यात एक सीन आहे, सिनेमाचा हीरो जिम कॅरी डॉक्टरच्या केबिनमध्ये स्वतःलाच खुर्चीत बसलेला बघतो. स्क्रीनवर तो एकाच शॉटमध्ये दोन ठिकाणी आहे, आणि हे केलंय कसं, तर कॅमेरा एका बाजूला वळला की कॅरी त्याच्या मागून पळत जायचा, जाता जाता कोट-टोपी बदलायचा आणि कॅमेरा पोचायच्या आत दुसऱ्या जागी हजर! स्वयंपाकघरातल्या सीनमध्ये तो लहान मुलाएवढा दिसतो, तिथे सेटच तिरक्या मापाने बांधून कॅरीला लांब बसवलंय, जवळची माणसं म्हणून मोठी दिसतात. ही पळापळ मोजून मापूनच करावी लागते, एक मात्रा इकडेतिकडे झाली की शॉट गेला, आणि ते मोजणं त्याने व्हिडिओंमध्ये वर्षानुवर्षं केलेलं होतं. फरक एवढाच की इथे त्या करामतीला कारण मिळालं. आठवण पुसली जाताना जग असंच डगमगत असणार हे बघणाऱ्याला आतून पटतं, म्हणून मग ट्रिक दिसत नाही, पोटात कालवतं.

म्हणून मी पोरांना सांगते की ड्रोन आणि गिंबल भाड्याने मिळतात, स्लो मोशनमध्ये ओढणी उडवणं कुणालाही जमतं, तुमच्या व्हिडिओला स्वतःचा एक नियम आहे का ते बघा. नियम म्हणजे हा व्हिडिओ कशाने चालतोय हे एका वाक्यात सांगता येणं. आणि लिहिणारा माणूस शोधा, अगदी आत्तापासून, कारण चार मिनिटं नियमावर निभतात, दोन तासांना माणसं लागतात.

आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो, तो पोटापाण्याचा. त्यांना मी हे सांगते की गाँद्री सिनेमाच्या आधी आणि नंतरही जाहिराती आणि व्हिडिओ करतच राहिला, लिव्हाइसच्या, स्मिरनॉफच्या जाहिराती त्याच्याच, ऑस्कर मिळाल्यावरही ते काम त्याने सोडलं नाही. 2011 मध्ये 'द ग्रीन हॉर्नेट' हा मोठ्या स्टुडिओचा सिनेमा केला, त्यात त्याचा हात मला फार कमी दिसतो. अगदी अलीकडे फॅरेल विल्यम्स या अमेरिकन गायकासोबत त्याने एक म्युझिकल शूट केलं, म्हणजे त्याचं अगदी घरचं काम, आणि 2025 च्या सुरुवातीला, रिलीजची तारीख लागलेली असताना, तो सिनेमा रद्द झाला, एडिटिंगला बसल्यावर मनात होता तसा तो होत नाहीये असं सगळ्यांचं मत पडलं. साठी ओलांडलेल्या, ऑस्करवाल्या माणसाचं हे होतं, तेव्हा तुमच्या मुलाचा पहिला पिक्चर डब्यात गेला तर त्याला लगेच बँकेच्या परीक्षेला बसवू नका, त्याचं गाण्यांचं काम चालू राहू द्या.