८०-२०० एफ २.८ (जुनी, स्क्रू ड्राइव्ह) आणि रात्रीची कबड्डी: सीझनची नोंद

दिवाळीनंतर

आमच्या पेण-अलिबाग पट्ट्यात थंडी पडायला लागली की गावोगाव कबड्डीच्या स्पर्धा लागतात त्या थेट होळीपर्यंत, बहुतेक सगळ्या रात्रीच्या आणि मातीवरच्या. लाइट म्हणजे मंडळाच्या बजेटप्रमाणे, कुठे दणदणीत तर कुठे खांबाला बांधलेले चार एलईडी. यंदा हेच फोटो नीट काढायचे असं ठरवलंय, म्हणून लिहून ठेवतोय, माझ्यासारखं कमी पैशात २.८ टेली (लांबचं जवळ आणणारी आणि भरपूर प्रकाश घेणारी लेन्स) शोधणारं कुणी असेल तर कामी येईल.

बॉडी निकॉन डी ७२००. टेली आत्तापर्यंत किटवाली ५५-२०० व्हीआर (व्हीआर म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय). दिवसा झकास लेन्स आहे, हलकी आहे, शार्प आहे, तिला नावं ठेवणार नाही. पण २०० एमएमच्या झूमला तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं), आणि आमच्याकडच्या मैदानावर आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ६४०० करूनही मग शटर मिळतं १/१२५ सेकंदाच्या आसपास. १/१२५ ला पंच मस्त येतात, स्कोअर लिहिणारे काका मस्त येतात, चढाईपटू म्हणजे नुसता जर्सीचा पट्टा. २.८ म्हणजे ५.६ पेक्षा दोन स्टॉप, म्हणजे चौपट प्रकाश, म्हणजे तेवढ्याच आयएसओला १/५००. बाकी बोके-बिके (मागचं धूसर दिसणं) सगळं नंतर, मला ते १/५०० पाहिजे होतं.

आता २.८ म्हटलं की सगळे आधी विचारतात व्हीआर आहे का. माझं मत विचाराल तर खेळासाठी व्हीआरचे जास्तीचे पैसे मोजू नका. व्हीआरने आपला हात हलायचा थांबतो, समोरच्याचा पाय थोडाच थांबणार. १/५०० च्या वर शटर ठेवणारच असाल तर व्हीआर असून-नसून फारसा फरक पडत नाही, आणि सेकंडहँडमध्ये व्हीआर नसलेल्या जुन्या २.८ लेन्सेस ज्या भावात मिळतात ते बघून हे पटतं. लग्न, नाटक, मंदिराचा गाभारा असलं काही मेन काम असेल तर गोष्ट वेगळी, त्यावर खाली येतो.

पर्याय काय काय बघितले ते थोडक्यात. कंपनीची नवी ७०-२०० लाखांतली, तिचा विषयच नाही. टॅमरॉनची ७०-२०० जी-टू (२०१७ ची) फार भारी लेन्स, व्हीसी (टॅमरॉनचं व्हीआर) आहे, पण दीड किलो वजन आणि सेकंडहँडसुद्धा माझ्या बजेटच्या बाहेर. त्याच टॅमरॉनची २००८ ची बिनव्हीसीची ७०-२०० स्वस्तात मिळते, ९५ सेंटीमीटरवर फोकस होते म्हणून पोर्ट्रेटवाल्यांना आवडते, पण ऑटोफोकस निवांत आहे, कबड्डीत निवांतपणा चालत नाही. सिग्माची ५०-१५० एफ २.८ ही खरं तर क्रॉप (लहान सेन्सरच्या, माझ्या डी ७२०० सारख्या) बॉडीवाल्यांसाठीच बनवलेली आणि माझ्या कामाला तीच सगळ्यात फिट बसली असती, पण ती बंद होऊन जमाना झाला आणि चांगल्या कंडिशनमधली कुठे दिसेना. राहता राहिली निकॉनची ८०-२०० एफ २.८ डी, दोन रिंगवाली, १९९७ ला आलेली. वजन १.३ किलो, फिल्टर ७७ एमएम, ट्रायपॉड कॉलर (स्टँडला कसायची कडी) लेन्सलाच आहे. हिच्या आधीची पुश-पुल (पुढे-मागे सरकवून झूम होणारी) व्हर्जन अजून स्वस्त मिळते, पण तिला कॉलर नाही आणि एवढं वजन मोनोपॉडवर (एकपायी स्टँडवर) बॉडीच्या भरवशावर लटकवायचं माझ्या जिवावर येतं.

ही घेण्याआधी एक गोष्ट नक्की बघा, हिच्यात मोटर नाही. बॉडीतली मोटर माउंटमधल्या स्क्रूने लेन्स फिरवते. डी ९०, डी ३००, डी ७००० पासून डी ७५०० पर्यंत, डी ६१०, डी ७५० या सगळ्यांत मोटर आहे. डी ३००० आणि डी ५००० सिरीजमध्ये नाही, तिथे हाताने फोकस करत बसावं लागेल. झेड (निकॉनच्या मिररलेस) बॉडीला निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरने लावली तरी तेच, ऑटोफोकस नाही. कॅननवाले या बाबतीत सुखी, त्यांची १९९५ ची ७०-२०० एफ २.८ एल बिन-आयएसवाली (आयएस म्हणजे कॅननचं व्हीआर) जुनी असली तरी मोटर लेन्समध्येच, त्यामुळे कुठल्याही ईओएस बॉडीवर आणि अ‍ॅडाप्टर लावून नव्या मिररलेसवरही फोकस होतो. सोनीवाल्यांनी तर टॅमरॉनची ७०-१८० बघावी, ८१० ग्रॅम फक्त, मला हेवा वाटतो.

दत्तजयंतीच्या आधी

लेन्स घेतली. मुंबईत फोर्टला, बोरा बाझारच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत तिकडेच फिरलो, सोबत स्वतःची बॉडी, लॅपटॉप आणि मोबाइलचा टॉर्च. तीस हजारांच्या आत बसली.

तपासताना काय बघायचं ते जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या हवेत जुन्या लेन्सचा पहिला शत्रू बुरशी. मागची-पुढची दोन्ही झाकणं काढायची, अ‍ॅपर्चर रिंग २.८ वर फिरवून ब्लेड पूर्ण उघडायच्या (ही डी लेन्स आहे, रिंग आहे तिला, बॉडी लागत नाही), मग मागून टॉर्च तिरका मारून पुढून बघायचं. धूळ दिसणारच, पंचवीस वर्षांच्या लेन्समध्ये धूळ नसेल तर उलट मला शंका येईल, कुणी खोलून पुसली की काय. धुळीने फोटोला काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर मात्र लेन्स खाली ठेवायची आणि दुसरी मागायची, भाव कितीही पाडला तरी. पांढरट धुकं दिसलं तरी तेच. मग रिंग २.८ ते २२ दोन-चारदा फिरवून ब्लेडवर तेल आहे का बघायचं. ऑटो-मॅन्युअल बदलायची जी रिंग असते ती या मॉडेलची ठरलेली दुखरी जागा आहे, प्लॅस्टिकला चीर जाते आणि मग लेन्स धड ऑटोतही राहत नाही आणि धड मॅन्युअलमध्येही नाही, तेव्हा ती रिंग नखाने चाचपून बघा.

एका दुकानात लेन्स बॉडीला लावूनच देईनात, काउंटरवर हातात घेऊन बघा म्हणाले. तिथून बाहेर पडलो. २.८ ला २०० वर समोरच्या पाटीचे फोटो काढून लॅपटॉपवर शंभर टक्क्याला बघितल्याशिवाय जुनी टेली घेऊ नये, डावी-उजवी कड सारखी शार्प आहे का तेवढं तरी कळतं.

लावल्यावर पहिल्यांदा डिस्प्लेवर एफ-ई-ई अशी अक्षरं येतील, घाबरू नका. रिंग २२ वर नेऊन लॉक करायची, मग अ‍ॅपर्चर बॉडीच्या डायलने बदलता येतं. नवीन पिढीने ही रिंग बघितलेलीच नसते, आमच्या ग्रुपमधल्या पोराला वाटलं लेन्स बाद आहे.

डिसेंबर, पहिल्या रात्री

फोकसचा आवाज येतो, झर्र झर्र असा. मैदानावर कुणाला ऐकू जात नाही, लाउडस्पीकरवर समालोचन चालू असतं. वेग कसा म्हणाल तर धरलेला फोकस छान पळवते, पण एकदा सुटला की या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन येते आणि तेवढ्यात चढाई संपलेली असते. म्हणून फोकस सुटूच द्यायचा नाही. एएफ-सी (सतत फोकस करत राहणारा मोड), नऊ पॉइंट डायनॅमिक (निवडलेल्या पॉइंटच्या आजूबाजूचेही मदतीला), आणि फोकस शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याखाली, डी ७२०० ला वेगळं एएफ-ऑन बटण नाही त्यामुळे एई-एल बटणाला ते काम दिलंय. मध्ये बचावपटूची पाठ आली की अंगठा उचलायचा, पाठ गेली की परत दाबायचा. शिवाय कॅमेरा फोकस नेहमी लेन्स पूर्ण उघडी ठेवूनच करतो, त्यामुळे २.८ चा फायदा फोकसलाही मिळतो, हे ५५-२०० वरून आल्यावर लगेच जाणवतं, कमी लाइटमध्ये ती नुसती चाचपडत बसायची.

फोकसचं फाइन ट्यून (बॉडीच्या मेनूतून फोकस किंचित पुढे-मागे सरकवणं) करावं लागलं. बॉडी आणि लेन्स दोघी आपापल्या जागी बरोबर असल्या तरी एकत्र आल्यावर थोडं मागेपुढे होतं. डी ७२०० झूम लेन्सला एकच आकडा ठेवू देतो, ८० ला वेगळा आणि २०० ला वेगळा असं नाही, म्हणून मी २०० ला, साधारण दहा मीटरवर लावून घेतलं. का दहा मीटर ते पुढे येईल. २०० ला २.८ वर दहा मीटरवर खोली (जेवढा भाग शार्प दिसतो ती) मिळते जेमतेम २८ सेंटीमीटर, नाक शार्प आणि मागचा खांदा गेलेला असा प्रकार. ८० ला जरा इकडेतिकडे झालं तर खपून जातं.

संक्रांतीच्या आसपास: बसायचं कुठे

सगळ्यात जास्त फरक लेन्सने नाही, जागेने पडला असं म्हणायला हरकत नाही. फोटोवाले बहुतेक मध्यरेषेच्या बाजूला उभे राहतात, कारण तिथून सगळं दिसतं. सगळं दिसतं पण सगळे बाजूने दिसतात. मी आता एका टोकाच्या कोपऱ्यात, अंतिम रेषेच्या मागे दोन-अडीच मीटर सोडून खाली बसतो (आयोजकांना विचारून, आणि पळत येणाऱ्याच्या वाटेत नाही असं बघून). पुरुषांचं मैदान १३ बाय १०, म्हणजे मध्यरेषा माझ्यापासून नऊ-एक मीटर.

याचा फायदा असा की चढाया आलटून पालटून होतात. एक चढाई माझ्या बाजूच्या अर्ध्या मैदानात, तेव्हा चढाईपटू माझ्याकडे तोंड करून येतो, दम घुमवत, हात पुढे, डोळे कोपरारक्षकावर. हा फोटो ८० ते १०० वर. पुढची चढाई पलीकडे, तेव्हा जाताना पाठ दिसते पण सुटून परत येताना तो मध्यरेषेकडे म्हणजे माझ्याच दिशेने सूर मारतो, कंबरेला दोघं, पायाला एक लटकलेला, हाताची बोटं रेषेकडे ताणलेली आणि माती उडालेली. हा फोटो १५० ते २०० वर. प्राइमने (झूम नसलेल्या लेन्सने) एकच मिळाला असता, किंवा दोन बॉड्या लागल्या असत्या. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात त्यामुळे मला उठावंही लागत नाही, दोन्ही संघांचे दोन्ही प्रकार मिळतात.

आता अडचण. क्रॉप बॉडीवर ८० पण जास्त होतं. निदान रेषेच्या (मध्यरेषा आणि अंतिम रेषेच्या मधल्या) जवळ पकड झाली की अंतर पाच मीटर, कॅमेरा उभा धरला तरी फ्रेममध्ये उंची दीड मीटरच्याही आत, म्हणजे माणूस गुडघ्यापासून वर. सगळ्यांनी मिळून पकड केली की सहा जणांचा ढीग पडतो, तो मावतच नाही. त्यासाठी गळ्यात जुनी बॉडी आणि ३५ एफ १.८, तो फोटो तिच्यावर. फुल फ्रेमवाल्यांना हा त्रास नाही.

दुसरी डोकेदुखी लाइटची. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूब, मेटल हॅलाइड आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. १/१०० ला कळत नाही, १/५०० ला एक फ्रेम उजळ, पुढची काळपट, तिसरी पिवळट. डी ७५०० आणि डी ५०० मध्ये याच्यासाठी फ्लिकर रिडक्शन आहे, डी ७२०० मध्ये फोटोसाठी नाही. मी एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल ठेवतो, तीन-चार सलग फ्रेमच्या छोट्या बर्स्ट घेतो आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) जी उजळ आली ती ठेवतो. ऑटो आयएसओ लावून बघितला, तो फ्लिकरच्या मागे धावून अजून गोंधळ घालतो, शिवाय मागे काळोख असला की चेहरे पांढरेफटक.

यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवायचा. समोर फ्लडलाइट असला की फिल्टरच्या सपाट काचेतून लाइटचं भूत उलटं होऊन फोटोत येतं. मातीची भीती वाटते मान्य, पण हूड खोल आहे, तो लावला की पुरतं.

माघी गणपतीनंतर

सेटिंग आता बसलीये: २.८, १/५०० ते १/६४०, आयएसओ ५००० ते ६४००, लाइट दणदणीत असेल तर ३.५ ला नेतो, तिथे २०० चा कॉन्ट्रास्ट लगेच सुधारतो. २.८ ला २०० वर किंचित मऊ आहे, जवळच्या अंतरावर जास्त, पण मोबाइलवर आणि फ्लेक्सवर कुणाला दिसत नाही. मंडळाच्या पोरांना तर बोके नकोच असतो, जर्सीवरचं स्पॉन्सरचं नाव वाचता आलं पाहिजे एवढी एकच मागणी. नॉइज घालवायला निकॉनचं फुकटातलं एनएक्स स्टुडिओच वापरतो, चेहऱ्यावर जास्त घासत नाही, मातीच्या मैदानावर थोडा दाणा उलट शोभतो.

मध्ये एका एकांकिकेच्या रंगीत तालमीला ही लेन्स नेली. इथे मात्र व्हीआर नसल्याचं कळतं. नट स्तब्ध उभा आहे, १/१०० पुरलं असतं, पण २०० ला क्रॉप बॉडीवर हाताने १/३०० च्या खाली मला धड जमत नाही. मोनोपॉड लावला, कॉलर त्यावर कसला, बसून १/१२५ ला बऱ्यापैकी फ्रेम शार्प आल्या. स्टेजचे लाल-निळे एलईडी असले की हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) लाल चॅनल वेगळा बघायचा, एकत्र ग्राफ बरोबर दिसतो आणि नटीचा चेहरा टोमॅटो. फोकसचा झर्र आवाज शांततेत तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो, त्यामुळे तालीम ठीक, खऱ्या प्रयोगाला मी ही लेन्स नेणार नाही. नाटक हेच मुख्य काम असणाऱ्यांनी ८५ एफ १.८ घ्यावी किंवा थोडं थांबून व्हीसीवाली टॅमरॉन.

पक्ष्यांचं विचारू नका, २०० ला भिगवणचा फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी ठिपका. केन्कोचा १.४ कन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) लागतो हिला (निकॉनचे ऑटोफोकसवाले कन्व्हर्टर हिच्यावर चालत नाहीत), पण तो लावला की २.८ चा ४ होतो, मग एवढी जड लेन्स कशाला घेतली.

आता पावसाळ्याची तयारी. ड्राय कॅबिनेट घ्यायचे पैसे लेन्समध्ये गेले, त्यामुळे रबरी रिंगवाला हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतेचा काटा, ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचं. त्याच्या खाली फार सुकवलं तर रबर आणि ग्रीसला चांगलं नाही. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परतून घ्यायचे, घरच्यांची परवानगी काढून. पुढच्या महिन्यात शिवजयंतीच्या स्पर्धा आहेत, महिलांच्या गटाचं मैदान १२ बाय ८, म्हणजे सगळं अजून जवळ येणार, तिथे कोपऱ्यातून अजून दोन पावलं मागे बसून बघतो ८० पुरतंय का.