तुम्ही विचारलंत म्हणून: थॅचरबाई जाणार हे ‘हाउस ऑफ कार्ड्स’वाल्यांना आधी कळलं होतं का?

आमच्या नाट्यशिबिरात मी ‘हाउस ऑफ कार्ड्स’ या राजकीय टीव्ही मालिकेचा पहिला भाग दाखवते. बीबीसीचा, मूळचा, अमेरिकेतला खूप नंतरचा. पहिलं दृश्य संपतं न संपतं तोच कुणीतरी हात वर करतं, "पंतप्रधान मार्गारेट थॅचर जाणार हे यांना आधीच कसं कळलं?"

प्रश्न पडण्यासारखाच आहे. मालिकेचा नायक, थॅचरबाईंच्याच हुजूर पक्षाचा मुख्य प्रतोद फ्रान्सिस अर्कर्ट, बाईंचा फोटो हातात घेतो आणि कुठलीच राजवट कायमची नसते, असं आपल्याला ऐकवतो. हा भाग लागला रविवारी, 18 नोव्हेंबर 1990 ला. मंगळवारी पक्षनेतेपदाची पहिली फेरी झाली. बाईंना 204 मतं, त्यांचे पक्षातले प्रतिस्पर्धी हेझलटाइन यांना 152. बाई पुढेच होत्या, पण नियमाला हवी तेवढी आघाडी 4 मतांनी हुकली. गुरुवारी त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं.

तर उत्तर असं, की कुणालाच काही कळलं नव्हतं. मालिका आधीच तयार होती. मूळ कादंबरी 1989 ची. लेखक मायकल डॉब्स हे पक्षाच्याच मुख्यालयातले. 1987 च्या निवडणुकीत त्यांनी बाईंची सणसणीत बोलणी खाल्ली, मग सुट्टीवर माल्टाजवळच्या गोझो बेटावर गेले आणि पोहण्याच्या तलावाकाठी बसून कागदावर ‘एफ’ आणि ‘यू’ ही दोन अक्षरं लिहिली. कुठल्या शिवीची ते तुम्ही ओळखलंच असेल. त्या आद्याक्षरांना शोभेल असा माणूस, फ्रान्सिस अर्कर्ट (इंग्रजीत Francis Urquhart), त्यांनी नंतर रचला. भाकीत कसलं, चांगला मुरलेला राग होता तो!

मला विचाराल तर खरी गंमत तारखेत नाहीच. ती अर्कर्ट झालेला इयन रिचर्डसन कॅमेऱ्याकडे ज्या नजरेनं बघतो त्यात आहे. मुलं त्याला स्वगत म्हणतात. स्वगत माणूस स्वतःशी बोलतो. हा आपल्याशी बोलतो, शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डसारखा, आणि आपण गप्प ऐकत राहतो म्हणजे कटात सामीलच होतो. त्या रविवारी ब्रिटनमधले प्रेक्षक असेच सामील झाले, आणि तिसरा भाग लागेपर्यंत 10 डाउनिंग स्ट्रीटमध्ये नवे पंतप्रधान म्हणून जॉन मेजर आले होते.